कुस्कोत दोघं : ज्याला दम लागतो, त्याच्या चालीनं

पेरूला जाणारे आपल्याकडचे बरेच प्रवासी कुस्को शहर दोन रात्रींत उरकतात. एक रात्र पोचल्याची, दुसरी माचू पिच्चूहून परतल्याची. मधल्या वेळात चौकात फोटो, लामाच्या पिल्लाबरोबर आणखी एक फोटो, आणि लगेच विमानतळ. तुम्ही सॅक पाठीला लावून मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर जाणार असाल, तर हा हिशेब उलटा करा असं मी आग्रहानं सांगेन. माचू पिच्चूला दोन दिवस पुरतात. कुस्कोला निदान चार-पाच द्या. इंका साम्राज्याची राजधानी कुस्को होती. माचू पिच्चू ही पाचाकुतेक राजानं डोंगरात वसवलेली खासगी जागा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानीतून नुसतं बदली गाडीच्या स्टेशनसारखं निघून जायचं, यात काही अर्थ नाही.

दुसरा आग्रह चालीबद्दलचा आहे. दोघांपैकी ज्याला आधी दम लागतो, त्याची चाल तीच दोघांची चाल. घर सोडण्यापूर्वीच हे ठरवून टाका, कारण कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी कुस्कोचा चौक त्याच्याही वर राहतो. लेहला जाऊन आलेल्यांना या उंचीची कल्पना असेल. ते कुस्कोपेक्षा जरासंच उंच आहे. इथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं साधारण दोन-तृतीयांश असतो. दर शनिवारी-रविवारी गड चढणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. उंचीचा त्रास होणं-न होणं हे पायातल्या ताकदीवर ठरत नाही. रग असलेला गडी डोकं धरून पडून राहतो आणि एरवी दोन जिने चढताना थांबणारा त्याच्या शेजारी बसून आरामात सूप पितो, असं तिथे सर्रास घडतं. स्थानिक लोक या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

यावर सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कुस्कोत उतरायचं, पण तिथे थांबायचं नाही. लिमा शहर समुद्रकाठी आहे. तिथून विमान साधारण सव्वा तासात तुम्हाला एकदम ३,४०० मीटरवर आणून सोडतं. शरीराला तयारी करायला वेळच मिळत नाही. विमानतळावरून थेट टॅक्सी करा आणि उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, ओयांतायतांबो गावी जा. साधारण दोन तासांचा रस्ता आहे. हे गाव २,८०० मीटरच्या आसपास, म्हणजे कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली आहे आणि तेवढ्यानं झोपेत फरक पडतो. गावातल्या अरुंद गल्ल्या आणि त्यांच्या कडेनं वाहणारे पाण्याचे पाट इंका काळापासूनचे आहेत, त्यामुळे नुसतं आराम करणंही वाया जात नाही. दोन-तीन रात्री तिथे काढा, तिथूनच रेल्वेनं माचू पिच्चू करा आणि मग कुस्कोत या. तोवर दोघांचंही रक्त उंचीला थोडंफार सरावलेलं असतं.

काही कारणानं आधी कुस्कोतच राहावं लागलं, तर पहिल्या दिवशी काहीही करू नका. अगदी काहीही. पाणी प्या, हलकं खा, बिअरला हात लावू नका, संध्याकाळी सपाट रस्त्यावर जरा फिरा आणि झोपा. जवळजवळ प्रत्येक हॉस्टेलात कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो. तो प्यायला हरकत नाही. मुन्या नावाच्या, पुदिन्याच्या जवळपास वास येणाऱ्या रानवनस्पतीचा चहाही मिळतो आणि मला विचाराल तर चवीला तो सरस. असेटाझोलामाइडच्या गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

सोबत मित्र असण्याचा खरा फायदा इथेच आहे. साधी डोकेदुखी, भूक न लागणं, झोप तुटक होणं हे एक-दोन दिवसांत निवळतं. पण बसल्या जागी धाप लागणं, खोकला न थांबणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ होणं ही लक्षणं दिसली की तातडीनं डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. अडचण अशी की ज्याला हे होतं त्याचं डोकं तेव्हा नीट चालत नसतं. तो ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतो. म्हणून निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा. एकानं ‘उतरायचं’ म्हटलं की दुसऱ्यानं वाद घालायचा नाही, हे मुंबई-पुण्यातच ठरवून टाका. याच कारणानं विनिकुंका, म्हणजे तो फोटोंत दिसणारा सप्तरंगी डोंगर, पहिल्या दिवसांत टाळा. तो ५,००० मीटरच्या पलीकडे जातो. चौकातले एजंट कालच उतरलेल्या पोरांनाही त्याची सहल विकतात. त्यांना नम्रपणे नकार द्या.

पैशांचं बोलू. दोस्तीत टीटीएमएम चालतं, पण परदेशात प्रत्येक चहाचे सुटे मोजत बसण्यात दिवस जातो. एक सामाईक पाकीट करा. दोघांनी सारखी रक्कम त्यात टाकायची आणि टॅक्सी, खोली, जेवण, पाणी त्यातूनच भागवायचं. संपलं की पुन्हा सारखी भर. खरेदी आणि दारू ज्याची त्यानं. पेरूचं चलन सोल. एक सोल म्हणजे ढोबळमानानं पंचवीस रुपये धरून हिशेब करा. दोघांकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डं असू द्या आणि पासपोर्टच्या प्रती एकमेकांच्या सॅकमध्ये ठेवा. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या करकरीत नोटा न्या. जरा फाटलेली, चिकटपट्टी लावलेली नोट तिथे कुणी घेत नाही. टॅक्सीला मीटर नसतो, तेव्हा बसण्याआधी भाडं ठरवायचं. आणि हॉटेलात नोंदणी करताना पासपोर्ट दाखवा. परदेशी पर्यटकाला खोलीभाड्यावरचा १८ टक्के कर माफ असतो, पण लहान ठिकाणी आपणहून ते कुणी सांगेलच असं नाही.

खोली कुठे घ्यायची? सगळे सान ब्लास सुचवतात. पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे, कारागिरांची दुकानं, वरून दिसणारी कौलारू छपरं, सगळं खरं आहे. पण तिथे जायला दगडी पायऱ्यांची उभी गल्ली आहे आणि बारा किलोंची सॅक घेऊन ती पहिल्या दिवशी चढणं म्हणजे सोरोचेला आमंत्रण. खोरं करून, सरावून येत असाल तर खुशाल सान ब्लास. नाहीतर सान पेद्रो बाजार किंवा आवेनिदा एल सोल या मुख्य रस्त्याच्या आसपास सपाटीवर घ्या. खोली पाहताना दोनच प्रश्न महत्त्वाचे: गरम पाणी दिवसभर असतं का आणि जास्तीचं ब्लँकेट मिळेल का. स्वस्त ठिकाणी खोली गरम ठेवायची सोय बहुधा नसते, आणि जून-जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो. तरीही मे ते सप्टेंबर हा कोरडा काळच जाण्यासाठी चांगला. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस धो धो असतो. २४ जूनला इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो. स्पॅनिश राजवटीनं बंद पाडलेला हा उत्सव १९४४ मध्ये नव्यानं सुरू झाला. पाहण्यासारखा आहे, मात्र त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात आणि आयत्या वेळी काही मिळत नाही.

आता शहर. १५ नोव्हेंबर १५३३ रोजी फ्रान्सिस्को पिसारोची फौज कुस्कोत शिरली. स्पॅनिशांनी इंकांचे वाडे आणि देवळं वरून पाडली, पण पाया आणि खालच्या भिंती तशाच ठेवून त्यांच्यावर आपली घरं आणि चर्च उभी केली. म्हणून कुस्को बघायचं ते भिंतीकडे, खालून वर. खाली चुना-माती काहीही न घालता एकमेकांत घट्ट बसवलेले दगड, वर मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा आणि लाकडी सज्जा. एकाच घराच्या दर्शनी भागात दोन राजवटी दिसतात. लोरेतो नावाच्या गल्लीत चौकातून शिरा. दोन्ही बाजूंना इंका भिंती आहेत. सकाळी सातच्या सुमाराला तिथे फारसं कुणी नसतं. भिंती किंचित आत कललेल्या आहेत, दारं-कोनाडे खाली रुंद आणि वर अरुंद आहेत. भूकंपात टिकण्यामागे हे एक कारण आहे.

त्याचा पुरावा बघायचा तर कोरिकांचाला जा. हे इंकांचं सूर्यमंदिर. त्याच्या भिंतींना सोन्याचे पत्रे लावलेले होते, ते स्पॅनिशांनी उचकटून नेले आणि वर सान्तो दोमिंगोचा मठ बांधला. १६५० च्या मोठ्या भूकंपात शहराचं फार नुकसान झालं. मग २१ मे १९५० च्या भूकंपात मठाचा बराच भाग कोसळला आणि आतल्या इंका भिंती जवळजवळ धक्का न लागता उघड्या पडल्या. आत शिरल्यावर कमानींच्या चौकातून त्या दालनांकडे जा आणि दोन दगडांमधल्या सांध्यावर नजर रोखा. हात लावायचा मोह आवरा. हातून रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा प्रसिद्ध दगडही असाच लांबून बघायचा; फेब्रुवारी २०२५ मध्ये एका माणसानं त्यावर हत्यारानं घाव घातले, तेव्हापासून लोक तिथे अधिक सावध आहेत. खरं सांगायचं तर त्या दगडापुढे रांग लावण्यापेक्षा त्याच गल्लीत दहा पावलं पुढे गेलात तर तितकेच देखणे दगड निवांत बघता येतात.

प्लासा दे आर्मास या मुख्य चौकात दोन भव्य चर्च आहेत: कॅथेड्रल आणि जेझुइटांचं ला कोम्पानिया. ‘चर्चसमोर भेटू’ एवढंच ठरवलंत तर दोघं दोन ठिकाणी उभे राहाल. थंडीत फोनची बॅटरीही झरझर उतरते, म्हणून भेटीची जागा आणि वेळ सकाळीच पक्की करा. कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या स्थानिक चित्रकाराचं ‘शेवटचं भोजन’ आहे. येशूसमोरच्या ताटात भाजलेला प्राणी आहे, बहुधा कुई, म्हणजे गिनिपिग. युरोपची चित्रकला शिकलेल्या इथल्या चित्रकारांनी तिच्यात आपलं गाव कसं घुसवलं, ते त्या ताटात कळतं. आत फोटो काढता येत नाहीत. बाहेर चौकात थोडं बसा. १७८१ च्या मे महिन्यात स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या दुसऱ्या तुपाक आमारूला आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला इथेच मारलं गेलं.

सगळ्यांत चांगली पायपीट शहराच्या वर आहे आणि ती चढायची नाही, उतरायची. सकाळी टॅक्सीनं किंवा पिसाकच्या गाडीनं तांबोमाचाय गाठा. तिथून पुका पुकारा, केंको आणि शेवटी साक्सायवामान करत पायी खाली सान ब्लासमध्ये या. रमतगमत चार-पाच तास जातात. साक्सायवामानच्या नागमोडी तटात शंभर टनांहून जड मानले जाणारे दगड आहेत. १५३६ मध्ये मांको इंकानं शहराला वेढा घातला तेव्हा याच तटावर घनघोर लढाई झाली आणि तिथे झालेल्या जखमेनं पिसारोचा भाऊ हुआन मेला. गडकोटांत वाढलेल्या माणसाला हा तट बघताना दोन गोष्टी लगेच खटकतील: बुरूज दिसत नाहीत आणि भिंत करवतीच्या दात्यांसारखी वळते. किल्ला होता की देवस्थान, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तुमच्यातही होऊ द्या.

या ठिकाणांसाठी ‘बोलेतो तुरिस्तिको’ हे एकत्र तिकीट लागतं. गेली काही वर्षं परदेशी प्रौढाला ते १३० सोलला मिळतं आणि दहा दिवस चालतं. वरची चारही ठिकाणं, शिवाय ओयांतायतांबो, पिसाक, चिंचेरो, मोराय त्यात येतात. कॅथेड्रल, कोरिकांचा आणि माचू पिच्चू त्यात नाहीत. आधी खोरं करत असाल तर हे तिकीट ओयांतायतांबोलाच काढा, म्हणजे दहा दिवसांत सगळं बसतं. शहरातून खोऱ्यात जायला सहलीच्या बसची गरज नाही. पावितोस रस्त्यावरून ओयांतायतांबोच्या आणि पुपुती रस्त्यावरून पिसाकच्या शेअर गाड्या भरल्या की सुटतात. आपल्याकडच्या वडापचंच ते गणित.

खाण्याचा प्रश्न शाकाहाऱ्यांना जास्त पडतो. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. तिथे ‘कार्ने’ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गोमांसच येतं आणि कोंबडी निमूट ताटात येते. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही मोजून सांगा. सूप कशाच्या पाण्यात उकळलंय तेही विचारा. दुपारी साध्या खाणावळीत ‘मेनू देल दिया’ असतं: सूप, मुख्य पदार्थ आणि पेय, ठरावीक किमतीत. चौकापासून चार गल्ल्या लांब गेलात की तेच जेवण निम्म्या भावात मिळतं. किन्वाचं सूप, टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि त्यासोबत पांढरं चीज, पिवळ्या मिरचीच्या सॉसमधला थंड बटाटा, हे भरवशाचे पदार्थ. उपवासाच्या ताटातले बटाटा, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंद हे तिन्ही मूळचे याच खंडातले. त्यातला बटाटा तर याच पर्वतरांगांत माणसाळला. सान पेद्रो बाजारात त्याचे जांभळे, पिवळे, वेडेवाकडे इतके प्रकार दिसतात की तिथे अर्धा तास सहज जातो. चुन्यो नावाचे पांढरे-काळे खडे दिसतील तेही बटाटेच. रात्रीच्या थंडीत गोठवून, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढलेले, वर्षानुवर्षं टिकणारे. याच बाजारात फळांच्या रसाच्या बायका ओळीनं बसतात. एक रस मागवा. पेला रिकामा झाला की भांड्यात उरलेलं त्या पुन्हा ओततात. या वरकडीला ‘यापा’ म्हणतात आणि ती मागायला लाजायचं नसतं. एका रसात दोघांचं भागतं. सॅक मात्र बाजारात पुढे, छातीवर घ्या. नळाचं पाणी पिऊ नका.

इतके दिवस एका खोलीत, एका टेबलावर काढल्यावर कितीही घट्ट दोस्ती असली तरी कुरबुर होते. उंचीवर झोप अपुरी पडते, त्यामुळे जरा लवकरच. एक अर्धा दिवस मुद्दाम वेगळे व्हा. एकाला दगड बघायचे असतील, दुसऱ्याला विणकाम. विणकामाची आवड असणाऱ्यानं आवेनिदा एल सोलवरच्या ‘सेंत्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसियोनालेस’मध्ये जावं. आसपासच्या खेड्यांतल्या बायका कंबरेला माग बांधून तिथे विणत बसतात. भाव बाजारापेक्षा जास्त आहेत आणि ते असायलाच हवेत. बाजारात पाचशे-सातशे रुपयांना ‘बेबी अल्पाका’ म्हणून मिळणारा स्वेटर बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतो. खरा अल्पाका हाताला गार लागतो. कोकरू कडेवर घेऊन फोटोला उभ्या राहणाऱ्या बायकांशीही आधीच दर ठरवा. मागून वाद घालणं दोघांनाही शोभत नाही.

माचू पिच्चूबद्दल थोडक्यात. तिकीट पासपोर्टच्या नावावर, ठरावीक वेळेचं आणि ठरावीक मार्गाचं असतं. कोरड्या मोसमासाठी काही महिने आधी सरकारी संकेतस्थळावरून काढा आणि दोघांचा मार्ग एकच आहे ना, ते तपासा. रेल्वेत सामानावर मर्यादा आहे, म्हणून मोठी सॅक हॉस्टेलात ठेवून एका लहान पिशवीत दोघांचं बसवा. चार दिवसांच्या इंका वाटेवर परवानाधारक संस्थेबरोबरच जाता येतं आणि फेब्रुवारीत ती बंद असते. पेरूत संप आणि रस्ता रोको नवे नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये माचू पिच्चू काही आठवडे बंदच होतं. परतीच्या विमानाआधी एक दिवस रिकामा ठेवा.

कागदपत्रांचं काम मात्र सगळ्यांत आधी. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असलेल्या भारतीयांना पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. नियम बदलतात, तेव्हा तिकिटाआधी वकिलातीकडून खात्री करा. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा हवा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टला लावून ठेवा. तुम्ही जंगलाच्या भागात गेला नसलात तरी पेरूहून येणाऱ्याला ते भारतात उतरल्यावर विचारलं जाऊ शकतं आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. परतीच्या आदल्या रात्री दोघांच्याही सॅक पूर्ण रिकाम्या करून भरा. कोकाची पानं, चहाच्या पुड्या, त्याची चॉकलेटं पेरूत राजरोस मिळतात, पण भारतात कोकाचं पान अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. बाजूच्या कप्प्यात विसरलेली एक पुडीसुद्धा कुस्कोतच टाकून द्या.